चव कोण घेतो, भाव कोण ठरवतो

(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषणाचं शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचं ठरलं आहे आणि मी सुरुवात करणार आहे वाईनपासून. मागच्या रांगेतली काही तरुण मंडळी आत्ताच सावरून बसली, ती मला इथून दिसतात. त्यांची निराशा होणार आहे, सोबत काही आणलेलं नाही. वर्धा जिल्ह्यातले पाहुणे आले आहेत, त्यांच्याकडे तर दारूबंदीच आहे. ज्या मायबहिणींनी गावातलं दुकान बंद करण्यासाठी मोर्चे काढले, त्यांना आधीच सांगतो. मी पिण्याचा प्रचार करायला उभा नाही. दारूनं आपल्याकडची किती घरं बसली ते मी पाहिलेलं आहे. मला बोलायचं आहे ते एवढंच, की शेतकऱ्याच्या मालाची परीक्षा कोण करतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही आठ कार्यकर्ते नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात गेलो होतो. तिथे एका शेतकरी कुटुंबाची स्वतःची लहानशी वायनरी आहे. आजोबा, मुलगा, नातू आणि नातसून अशी चौघं ती चालवतात. नाव सांगत नाही, कारण जाहिरात करायची नाही.

आधी थोडा इतिहास. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या, कंपन्यांशी करार केले. २००८ साली जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईनच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढे कित्येकांची द्राक्षं कोणी उचलेना. ही द्राक्षं खायच्या बाजारातही चालत नाहीत. मणी बारीक, साल जाड आणि आत बी. एका गिऱ्हाइकासाठी पिकवलेला माल, आणि ते गिऱ्हाईकच फिरलं! लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

या कुटुंबाचीही तीच गत झाली. करार करणाऱ्या कंपनीनं हात वर केले. पाच एकरांतली तीन एकर बाग त्यांनी तोडली. दोन एकर ठेवली आणि पुढे हळूहळू स्वतःच्या टाक्या बसवल्या.

त्यांचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडा. तोडा पहाटे करतात, म्हणजे माल थंड राहतो. तोडण्याआधी मण्याचा एक थेंब रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून साखर बघतात. बावीस ब्रिक्सच्या आसपास आली की पांढऱ्या वाईनचा माल तयार. ती साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं, बाराच्या आसपास टक्के. पांढऱ्या वाईनला नुसता रस आंबवतात. लाल वाईनला सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. पाऊण लिटरच्या एका बाटलीला किलो ते सव्वा किलो द्राक्षं लागतात.

मग त्यांनी आम्हाला चाखायला बसवलं. टेबलावर पांढरा कागद, काचेचे पेले आणि शेजारी एक पिकदाणी. पेल्यात दोन घोट ओतायचे. पेला कागदावर तिरपा धरून रंग बघायचा. पेला फिरवून वास घ्यायचा. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा! आमच्यातले राळेगावकडचे एक काका म्हणाले, ‘‘अहो, एवढं महागाचं थुंकायचं?’’ नातसून हसली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे. म्हणाली, ‘‘काका, पाचही गिळल्या तर पाचवीची चव कळणार नाही. इथे आम्ही प्यायला बसत नाही, तपासायला बसतो.’’ आमच्यातल्या ज्या दोघांना चाखायचंच नव्हतं, त्यांनी नुसता वास घेतला. कोणी आग्रह केला नाही.

चौथा नमुना तिनं टाकीतून काढून आणला. आजोबांनी तो नाकाशी नेला आणि खाली ठेवला. सिरक्याचा वास येत होता, तो आम्हालाही आला. आजोबा म्हणाले, ‘‘या टाकीवर आपलं लेबल लागणार नाही.’’ बाहेरचा कोणी बोलायच्या आत, ज्यानं पिकवलं त्यानंच सांगितलं की हा माल उतरला. टाकी गाळपवाल्याला मातीमोल भावानं जाणार होती. पैसा त्यांचाच बुडत होता. नातसुनेनं वही उघडून टाकीचा नंबर, तारीख आणि शेरा लिहिला. प्रत्येक टाकीचं असं पान त्या वहीत आहे.

तेवढ्यात नाशिकच्या एका हॉटेलचा माणूस माल घ्यायला आला. त्यानं दुसरी वाईन चाखली आणि म्हणाला, ‘‘जरा आंबट वाटते, भावात काहीतरी करा.’’ नातसुनेनं वही पुढे केली. लिटरला आम्ल सहा ग्रॅम. ‘‘या जातीला एवढं लागतंच. कमी आंबट हवी असेल तर तीन नंबरची घ्या, तिचा भाव वेगळा आहे.’’ त्यानं पुन्हा एक घोट घेतला आणि सांगितलेल्या भावानं दोन नंबरचीच घेतली.

भावांनो, या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला एवढ्या लांब दिंडोरीला नेलं. आता आपल्या बाजार समितीत या.

आपली गाडी उभी राहते. व्यापारी येतो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो आणि मूठभर कापूस बाहेर काढतो. दाबून बघतो, दोन बोटांत धागा ओढून बघतो आणि आकडा बोलतो. त्या मुठीत त्याला ओलावा कळला, धाग्याची लांबी कळली, रुईचा उतारा किती पडेल याचा अंदाज आला. आपण त्या वेळी काय करत असतो? त्याच्या तोंडाकडे बघत असतो. चव तो घेतो आणि तोंड आपण बघतो! एकाधिकार खरेदी होती तेव्हा व्यापाऱ्याच्या जागी ग्रेडर होता. त्यानं चिठ्ठीवर जी प्रत लिहिली ती आपली प्रत. सहा महिने आपण वाढवलेल्या पिकाची परीक्षा सहा सेकंदांत दुसऱ्यानं केली आणि आपल्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही. कशाच्या आधारावर म्हणणार?

मी शेतकी पदवीधर आहे. कापसावरची कीड, खताच्या मात्रा, दोन ओळींतलं अंतर, सगळं आम्हाला शिकवलं. विकताना कापूस हातात घेऊन त्याचं मोल कसं करायचं, हा तास वेळापत्रकात नव्हता. शेतकऱ्यानं पिकवावं एवढीच अपेक्षा. मोल करणारे दुसरे.

आता हिशेब करू. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची खंडी ३५६ किलोची. उदाहरणासाठी खंडी ५५ हजार धरा, म्हणजे रुई किलोला दीडशेच्या थोडी वर जाते. सरकी पस्तीस रुपये धरा. उतारा चौतीसचा पस्तीस झाला की एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई आली. क्विंटलमागे १२० रुपयांचा फरक. वीस क्विंटल कापूस असेल तर २,४०० रुपये. हे आज कोणाच्या खिशात जातात? ज्याला उतारा माहीत आहे त्याच्या.

२०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव ठरवला. चारशे रुपयांचा फरक धाग्याचा आहे. सीसीआयच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत टक्क्याला टक्का कपात. बाराच्या वर माल परत. म्हणजे पहाटेच्या दवातला ओला कापूस थेट गाडीत भरला, तर दर टक्क्याला ऐंशी रुपये आपणच सोडून दिले.

कोणी म्हणेल, चला, आपणही कारखाना काढू. जरा थांबा. त्या कुटुंबानं मला कर्जाचे कागदही दाखवले. द्राक्ष फेब्रुवारीत येतं, लाल वाईनचा पैसा यायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि व्याज रोज चालू असतं. दुसऱ्या राज्यात बाटली न्यायची तर तिथला परवाना वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. सरकारनं हात धरला म्हणून धावत सुटलेल्यांचं २००८ नंतर काय झालं ते सांगितलंच आहे. परीक्षा आली म्हणजे भाव आपोआप मिळतो असंही मी म्हणत नाही. आयात-निर्यातीचे निर्णय दिल्लीत होतात आणि त्यासाठीची लढाई वेगळी आहे, ती चालूच राहील. पण स्वतःच्या मालाचं मोल ज्याला सांगता येत नाही, त्याला त्या लढाईतही दुसऱ्याचेच आकडे मान्य करावे लागतात.

चाखणं आपल्याला नवीन नाही. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून वाळला की नाही ते आपल्या आया सांगत. मालदांडीची भाकरी आणि पावसात काळ्या पडलेल्या संकरित ज्वारीची भाकरी डोळे मिटून ओळखू येते. पौषातला हुरडा काय आहे? पाहुण्याला शेतात बसवून आपल्या मालाची चव देणंच आहे. पुण्या-मुंबईचे लोक आज हुरड्यासाठी पैसे मोजून शेतावर जातात. हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर, पीकेव्ही अश्विनी असे वाण विद्यापीठांनी दिले आहेत. तिथे भाव शेतकरी सांगतो, कारण चव त्याच्या हातात आहे.

तेव्हा या हंगामात प्रत्येक गावशाखेनं चार कामं करायची. पहिलं, पहिल्या वेचणीचा कापूस, नंतरचा आणि कवडी, यांच्या गंज्या वेगळ्या ठेवायच्या. एकत्र केल्या की सगळ्याला कवडीचा भाव लागतो. दुसरं, प्रत्येक गंजीतला शंभर ग्रॅम कापूस हातानं सोलून रुई आणि सरकी वेगवेगळी तोलायची. जितके ग्रॅम रुई तितके टक्के उतारा. सोनाराचा लहान काटा पुरतो. तिसरं, वर्गणी काढून गावात ओलावा मोजायचं एक यंत्र घ्यायचं. चौथं, दहा-बारा जणांनी एकाच वाणाचा माल एकत्र करून त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे धागा किती जाड आणि पक्व आहे ते, कागदावर आणायचं. हे सगळं एका वहीत, तारीख आणि वजनासकट. वही बायांच्या हाती द्या. वेचणी त्या करतात, कापूस त्यांच्या बोटांना कळतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेनं आपली वही आणायची. कोणत्या गंजीला बाजारात काय भाव मिळाला ते शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असलं पाहिजे. दोन रकाने समोरासमोर ठेवू, म्हणजे कोणाशी आणि किती रुपयांसाठी भांडायचं ते ठरवता येईल.