पंख्याचा दोष

बंगळूरच्या दक्षिणेस बनशंकरी नावाची मोठी वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या देवळावरून तिला हे नाव मिळाले. राहुकाळी या देवळात अर्ध्या लिंबाच्या उलट्या सालीत दिवे लावणाऱ्या स्त्रियांची रीघ लागते. माझी बदली बंगळूरला झाली आणि घर नेमके बनशंकरीत मिळाले, तेव्हा माझ्या आईला फार समाधान वाटले. कारण आमचे कुलदैवत बदामीची बनशंकरी, जिला शाकंभरी असेही म्हणतात. भाजीपाल्याच्या या देवतेच्या छायेत राहत असताना आमच्या घरातला भाजीपाला एके दिवशी अकाली सुकू लागला, आणि तेथूनच माझ्या आजच्या हकिगतीला आरंभ होतो.

खरे म्हणजे आरंभ त्याच्याही आधी, आईच्या एका वाक्याने झाला होता. ती म्हणाली, "अरे, तुझे ते कपाट रात्री बोलेनासे झाले आहे." मार्च महिना होता. मी हिशेबतपासणी खात्यातला मनुष्य. मार्चमध्ये घरातले कोणतेही वाक्य माझ्या कानापलीकडे जात नाही. तिसऱ्या दिवशी दूध नासले, मेथीची जुडी मान टाकून बसली. मी वरचा कप्पा उघडून पाहिला, तो बर्फ उत्तम जमलेला. बर्फ होतो आहे त्या अर्थी यंत्र चालते आहे, असा निकाल देऊन मी कचेरीला गेलो.

त्या कपाटात दूध आणि मेथी यांच्याखेरीज आणखी एक वस्तू होती. आईला मधुमेह आहे आणि तिच्या इन्सुलिनच्या कुप्या मधल्या फळीवर असतात. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. इन्सुलिन बिघडले तर ते दुधासारखे फाटून तसे सांगत नाही. पुष्कळदा डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, फक्त टोचल्यानंतर साखर उतरत नाही. हे ध्यानात आले तेव्हा मी पाण्याच्या पेल्यात तापमापक घालून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. सकाळी पारा १३ अंशांवर होता. घाईघाईने कुप्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवू लागलो, तर आईने हात धरला. "गोठलेले औषध टाकूनच द्यावे लागते, डॉक्टरांनी मला बजावले आहे," असे ती म्हणाली. अखेर न उघडलेल्या कुप्या शेजारच्या कानडी बाईंच्या फ्रीजमध्ये गेल्या. वापरातली कुपी साधारण चार आठवडे घरातल्या हवेत, बेताच्या उष्म्यात चालते. ती आईने ओल्या वाळूत बसवलेल्या लहानशा मडक्यात ठेवली.

आता या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. गोदरेजने १९५८ साली देशी बनावटीचा रेफ्रिजरेटर बाजारात आणला. त्यानंतर अनेक वर्षे आपल्या घरांतून जे फ्रीज दिसत, त्यांत गार नळ्या बर्फाच्या कप्प्यालाच वेढलेल्या असत. त्या कप्प्यावर हिमाचे थर चढत आणि गृहिणी ते सुरीने खरवडीत. हा उद्योग धोक्याचा, कारण सुरीचे टोक नळीत शिरले की सारा वायू निघून जाई. आजच्या हिमरहित कपाटात त्या नळ्या मागच्या पडद्याआड दडवलेल्या असतात. तेथील गारवा एक छोटा पंखा ओढून घेतो आणि त्यातला काही एका झडपेतून खालच्या कप्प्यात सोडतो. पंखा थांबला की वर, नळ्यांच्या निकट, बर्फ जमतच राहतो आणि खाली मात्र वैशाख सुरू होतो. माझा निकाल चुकला तो येथे.

दुरुस्ती करणारा एक तरुण आला. त्याने मागचा पडदा काढावयास घेतला, तो पडदा हिमाने चिकटलेला. गरम पाणी ओतून ओतून त्याने तो सुटा केला, पंख्याला बोट लावले आणि जाहीर केले, "फ्यान होगिदे, सार." पंखा गेला. नवा पंखा बसला, तो फिरू लागला, पैसे दिले गेले. पारा दुसऱ्या दिवशी ५ अंशांवर आला. कुप्या शेजारून घरी परतल्या आणि मी त्या तरुणाची दोन ठिकाणी शिफारसही केली.

दहाव्या रात्री आई म्हणाली, "कपाट करकरते आहे." या खेपेस मी उठलो. दार उघडले, करकर थांबली. दाराच्या चौकटीतला खटका बोटाने दाबून धरला, करकर पुन्हा सुरू. दार उघडताच आतला पंखा थांबावा अशी पुष्कळ फ्रीजमध्ये योजना असते. तेव्हा आवाज मागच्या काँप्रेसरचा नव्हे, आतल्या पंख्याचाच, एवढे निश्चित झाले. पहाटे करकरही बंद पडली. नव्या पंख्याने दहा दिवसांत प्राण सोडला होता.

माझा पहिला संताप अर्थातच त्या तरुणावर आणि त्याच्या 'नव्या' मालावर. पण आमच्या धंद्यात एक शिकवण लवकर मिळते: ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही, दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. मी एम. ए. ला तत्त्वज्ञान घेतले होते, त्याचा नोकरीत कधी उपयोग झाला नाही. त्या पहाटे मात्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अन्वय आणि व्यतिरेक आठवले. त्या दिवशी एक नव्हे, दोन गोष्टी घडल्या होत्या. पंखा बदलला होता, आणि बदलण्यासाठी हिम वितळवले होते. गुण कोणाचा? कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढेच मी पाहिले होते.

या वेळी मी एका वृद्ध कारागिराला बोलावले. त्याने पंख्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पडद्याआडच्या नळ्यांवर पांढरा कोट चढला होता आणि पाती त्यात रुतून बसली होती. तो म्हणाला, "साहेब, एवढे हिम येथे राहते कसे, ते शोधू."

हिमरहित कपाटातही हिम धरतेच. फक्त ते ठरावीक वेळी वितळवले जाते. घड्याळासारखा एक टायमर काही तासांनी गारवा थांबवतो आणि नळ्यांखालच्या हीटरला वीस-तीस मिनिटे वीज देतो. त्या अवधीत पंखाही स्तब्ध असतो, म्हणून पंधरा मिनिटे पंखा गप्प दिसला एवढ्यावरून कोणी त्याला मृत ठरवू नये. हीटरच्या वाटेवर दोन धातूंच्या चकतीची एक किल्ली असते. नळ्या फार गार असताना ती वाट जोडते. त्या उबदार झाल्या की तोडते.

कारागिराने पेचकसाने टायमर फिरवला. काँप्रेसर थांबला, पण तापलेल्या हीटरवर पाणी पडल्याचा तो चुरचुर आवाज आला नाही. मग प्लग काढून, हिम वितळवून त्याने मीटर लावला. हीटरची तार अखंड. किल्लीची वाट तुटलेली. मी म्हटले, "सापडला चोर!" तो हसला. "या उन्हाळ्यात ती तुटलेलीच दिसणार. चांगली किल्लीसुद्धा अशीच दिसते. तिला थंडी दाखवली पाहिजे." नुसत्या बर्फाची थंडी शून्याची, हिला त्याहून खाली न्यावे लागते. म्हणून पॉटच्या आईस्क्रीमला करतात तसे त्याने वाडग्यात बर्फ कुटून मीठ मिसळले. त्याच्या पिशवीतली नवी किल्ली त्यात बुडवताच काही वेळाने 'टक्' असा आवाज झाला आणि मीटरचा काटा हलला. आमची जुनी किल्ली अर्धा तास त्या वाडग्यात निमूट पडून होती.

किल्ली बदलली. तिची किंमत पंख्याच्या मानाने क्षुल्लक होती. त्याला आता चार महिने झाले, कुप्या मधल्या फळीवर आहेत आणि पारा ५ च्या आसपास राहतो.

एक प्रयोग मात्र राहिला होता. पहिल्या तरुणाने काढलेला जुना पंखा माळ्यावर होता. हिम असता नवा पंखाही थांबतो, हे दिसले होते. हिम नसता जुना फिरतो का, हे कोणी पाहिलेच नव्हते. कारागिराने निघण्यापूर्वी तो जुना पंखा ओट्यावर ठेवून त्याला जपून वीज जोडून दिली. तो क्षणभर थरथरला आणि मग सुरळीत फिरू लागला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हाच तो आवाज."