साकव दाखवलास का?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू मोबाइलमधल्या नकाशांचं काम करतेस ना, त्यावर बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." हे दुसरं वाक्य त्यांनी तीनदा सांगितलं. म्हणून मी संगणकापासून सुरुवात करत नाही. सुरुवात करते नववीच्या भूगोलाच्या वहीपासून.

आठवतंय? सरांनी आपल्याला नकाशा काढायला लावला होता. पुस्तकातला नव्हे, आपल्या गावाचा. आपापल्या वाडीपासून शाळेपर्यंत चालत यायचं आणि वाटेत दिसेल ते कागदावर मांडायचं. दिशा, प्रमाण, सूची सगळं हवं. मी रात्री जागून नकाशा रंगवला. पऱ्या निळा, रस्ता तांबडा. देऊळ, विहीर, पोस्ट जागच्या जागी. सरांनी दहापैकी आठ गुण दिले, पऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "साकव दाखवला नाहीस. मग पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत उडत येतात का?"

वर्ग हसला. मला मात्र ते दोन गुण फार लागले होते. ते का कापले, हे मला नीट कळायला पुढे पंधरा वर्षं जावी लागली. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी माझं काम काय ते थोडक्यात सांगते. तुम्ही मोबाइलवर "जवळचा पेट्रोल पंप" शोधता किंवा रिक्षा मागवता, तेव्हा दोन गोष्टी घडतात. पहिली, तुम्ही कुठे आहात हे फोनला कळतं. अनेकांना वाटतं, फोन उपग्रहाला काहीतरी विचारतो. तसं नाही. फोन फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढता येतं. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. पण आपल्या फोनचं घड्याळ उपग्रहाइतकं अचूक नसतं आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर तीनशे मीटरने चुकतं. ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा हा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून पाठवत असे. ते थांबलं आणि आमच्या धंद्याचं दार उघडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. त्याला आम्ही भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतो, जीआयएस. नाव भारदस्त आहे, कल्पना सोपी. ट्रेसिंग पेपर आठवतात? एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर दवाखाने, चौथ्यावर गावांच्या हद्दी. सगळे कागद एकावर एक ठेवायचे आणि हव्या त्या थरांना प्रश्न विचारायचा. प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा बदलला, तर आपण साधारण एक मीटर सरकतो. आणि दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर? नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ती केली. आपलं गुहागर नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडलं.

ती चूक हसण्यावारी गेली. पुढची गेली नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. काही खासगी दवाखान्यांच्या रुग्णवाहिकांसाठी आम्ही एक व्यवस्था बांधली होती. प्रत्येक गाडीत जीपीएस, पुण्यात एक नियंत्रण कक्ष. फोन आला की ऑपरेटरने गाव टाकायचं, यंत्राने सर्वांत जवळची मोकळी गाडी दाखवायची. ही "सर्वांत जवळची" शोधणारी आज्ञा मी लिहिली होती. हजारो नोंदींतून उत्तर क्षणात यायचं. मला तिचा फार अभिमान होता.

एका रात्री अकराच्या सुमारास वेलदूरच्या बाजूच्या एका वाडीतून फोन आला. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, पाय हलवता येत नव्हता. पडद्यावर लगेच उत्तर आलं: सर्वांत जवळची गाडी, अंतर दोन किलोमीटरच्या आत. पुण्यात बसलेल्या मुलीने घरच्यांना धीर दिला, "काळजी करू नका, दहा मिनिटांत गाडी येईल."

तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, तुम्हाला कळलं काय झालं ते.

गाडी दाभोळला होती. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट रात्रीसाठी बंद झालेली. रस्त्याने यायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. थोड्या वेळाने त्या ड्रायव्हरचा फोन आला. तेव्हा मी कक्षातच होते. तो म्हणाला, "मॅडम, मी जेटीवर उभा आहे. पलीकडचे दिवे दिसतायत. गाडी पाण्यावर घालू का?"

त्याच वेळी शृंगारतळीला एक गाडी मोकळी उभी होती. तिथून सरळ रस्ता होता. पण सरळ रेषेत ती लांब पडत होती, म्हणून यादीत तिचा नंबर दुसरा. गोंधळ लक्षात येऊन ती निघेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर शेजाऱ्यांनी आजींना दार काढून त्यावर निजवलं आणि मासळीच्या टेम्पोतून नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पुढे त्या बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालू लागल्या. पण तो पाऊण तास, मोडलेल्या हाडानिशी वाट बघत, त्यांनी माझ्यामुळे काढला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे म्हणाले, नकाशाची माहिती अपुरी होती. ते खरं नव्हतं. खाडी आमच्या नकाशात होती, निळ्या रंगात, व्यवस्थित. रस्त्यांचा थरही होता. मी आज्ञा लिहिली ती फक्त बिंदूंच्या थराला विचारणारी. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत किती अंतर? पक्षी उडाला तर किती, तेवढंच यंत्राने सांगितलं. आणि हे सगळं लिहिणारी कोण? तर लहानपणी आईचं बोट धरून दाभोळला चंडिकेच्या दर्शनाला होडीने गेलेली, परतताना भरती बघून होडीवाल्याने थांबवून ठेवलेली मी. मला खाडी माहीत होती. मी ती यंत्राला सांगितली नव्हती. त्या रात्री मला सर आठवले. पोरं उडत येतात का?

मग आम्ही ते काम पुन्हा केलं. त्याची रीत जुनीच आहे. डाइकस्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. रस्ते म्हणजे दोऱ्यांचं जाळं समजा. जिथे दोन रस्ते मिळतात तिथे गाठ. प्रत्येक दोरीला एक वजन द्यायचं आणि निघालेल्या गाठीपासून सर्वांत हलक्या वाटेने पुढे पुढे जायचं. आम्ही वजन किलोमीटरचं न ठेवता मिनिटांचं ठेवलं. घाटातला किलोमीटर आणि महामार्गावरचा किलोमीटर सारखा नसतो. फेरीबोट हीसुद्धा एक दोरी, पण तिला वेळापत्रक जोडलं. रात्री ती दोरी तुटते. नवी व्यवस्था उत्तर द्यायला आधीपेक्षा जास्त वेळ घ्यायची. एका साहेबांनी तक्रार केली, "आता हळू चालतं." मी म्हटलं, "चालू दे. रस्त्याने जाऊन येतं ना."

तेव्हापासून माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात, हुशार असतात, माझ्यापेक्षा चांगली आज्ञावली लिहितात. त्यांना मी एकच प्रश्न विचारते: साकव दाखवलास का? त्यांना वाटतं, हा कुठलातरी तांत्रिक शब्द असणार.

आता थोडं तुमच्या उपयोगाचं. फोनवर आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ दिसतं. ते शोभेचं नाही. फोन म्हणतोय, "मी या वर्तुळात कुठेतरी आहे, नक्की कुठे ते ठाऊक नाही." वर्तुळ मोठं असेल तर घराबाहेर, झाडांपासून दूर या, थोडं थांबा, मग लोकेशन पाठवा. आणि पाठवलं तरी तोंडाने खूण सांगाच: मारुतीच्या देवळामागे, पाखाडी उतरून तिसरं घर. ठिपका जागा दाखवतो. पाखाडीवर गाडी चढत नाही, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

ते सांगणारे आपण होऊ शकतो. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा २००४ पासून जगभरातले साधे लोक मिळून बनवतात. त्यात कोणीही भर घालू शकतं, पैसे लागत नाहीत. मेळाव्याला येण्याआधी मी त्यात आपलं गाव पाहिलं. मुख्य रस्ता आहे. शाळा आहे. वाड्यांच्या आतल्या वाटा जवळजवळ नाहीत. आपण चालून काढलेले नववीचे नकाशे त्याहून भरलेले होते.

उद्या सकाळी सात वाजता मी शाळेच्या फाटकाशी उभी राहणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी फोन चार्ज करून या आणि चपला धड घाला. प्रत्येकाने आपापल्या वाडीची वाट घ्यायची. मी माझ्या वाडीकडे जाईन. तिथला जुना लाकडी साकव आता नाही, काँक्रीटचा झालाय, असं ऐकते. नकाशात तोही नाही.

सर, तो मी उद्या भरते. दोन गुण राहिलेत तुमच्याकडे.