रोजची एक ओळ
(सुवर्णमहोत्सवी सभेत, तंजावूर राजवाड्याच्या आवारात केलेले भाषण)



आपण बसलो आहोत तेथून हाकेच्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्यात मोडी कागदपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) येथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. हे सारे दाराशी असून मला साठाव्या वर्षापर्यंत स्वतःची भाषा वाचता येत नव्हती! घरी मराठी बोलायचे, चिठ्ठी मात्र तमिळ अक्षरांत. शेजारी आम्हांस 'रायर' म्हणत. आणि या रायरांच्या कपाटात पणजोबांची मोडी वही कापडात गुंडाळलेली. दर सरस्वतीपूजेला तिच्यावर हळदकुंकू पडे. वाचणारा कोणी नव्हता.

निवृत्तीनंतर मी ऑनलाइन वर्गात नाव घातले. देवनागरी काही महिन्यांत आली. मोडीने मात्र दमविले. शिरोरेघ आधी ओढून तिला अक्षरे लटकवायची, शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. मोबाइलवरील पाठमालेत सलग दिवसांचा आकडा दिसे. तो सत्तरावर गेला तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत असे, हसू नका. पुढे पत्नी आजारी पडली, अठरा दिवस इस्पितळात गेले. परत येऊन पाहतो तो आकडा शून्य! त्या शून्याचा मला असा राग आला की दोन महिने मी पाठ उघडलाच नाही.

अखेर बंगळूरच्या भाचीने फोन केला. ती पुण्यात शिकलेली, मोडी जाणणारी. म्हणाली, "मामा, मागचे भरून काढायचे नाही. आज वहीतली एकच ओळ वाचू."

तेव्हापासून रात्री नऊला, जेवणानंतर आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीपूर्वी, आम्ही पडद्यावर भेटतो. पानाचे छायाचित्र दोघांपुढे असते. एक ओळ, अधिक नाही. उत्साहाच्या भरात दहा ओळी वाचल्या की दुसऱ्या दिवशी हमखास दांडी पडे, हे मी अनुभवाने सांगतो. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर यायचे. आणि तिकडे कोणी वाट पाहत असल्याने आळस करण्याची लाज वाटते. तो सत्तराचा आकडा माझी वाट कधीच पाहत नव्हता. या शिरस्त्याला आता पाच वर्षे झाली.

वहीत राजेरजवाड्यांचे काही नाही. भाताचा खंड, तुपाचे देणे, कोणाच्या लग्नाचा अहेर. परंतु गेल्या महिन्यात एका मुलीच्या जन्माची नोंद लागली. तिथी आणि घटिका स्पष्ट आहेत, नावही. त्या नावाची मुलगी आमच्या घरात होऊन गेली, हे आज हयात असलेल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

पुढच्या ओळीवर शाई पसरली आहे. तीन शब्द लागत नाहीत. आज रात्री नऊला भाची पुन्हा बसणार आहे, म्हणून आपली रजा घेतो.