टेंभलीचा ठसा आणि दूरची यंत्रे



नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या समारंभास उपस्थित होते. समारंभाची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. परंतु त्या बारा आकड्यांमागे केवढी गणना उभी राहणार होती, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसे ज्यांच्या दारी प्रथम येतात, त्या ग्रामसेवकांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

एका व्यक्तीस दोन क्रमांक मिळू नयेत, हा या योजनेचा गाभा होय. त्यासाठी प्रत्येक नव्या माणसाच्या दहा बोटांचे ठसे व दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. दहा माणसांत अशा जोड्या ४५ होतात. दीड हजार वस्तीच्या गावात त्या ११,२४,२५० भरतात. समजा, नोंदी ६० कोटींवर पोहोचल्या आणि दररोज १० लाख नवी माणसे येऊ लागली, तर एका दिवसाच्या तुलना सहाशे लाख कोटी होतील. सेकंदाला दहा लाख तुलना करणारे यंत्र असले, तरी त्या एकट्याला हे एका दिवसाचे काम उरकण्यास १९ वर्षे लागतील! तेच काम अशा सात हजार यंत्रांत वाटून दिले, तर ते दिवसभरात पुरे होते. समांतर गणना म्हणतात ती हीच.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना नवी वाटू नये. देठ खुडण्यासाठी ढीग अनेक स्त्रियांत वाटला जातो. एकीचे काम दुसरीवाचून अडत नाही. मात्र खुडलेली मिरची मोजावयाचा काटा एकच असेल, तर खुडणाऱ्या कितीही वाढविल्या तरी रांग काट्यापाशीच लागणार. जीन अॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम हाच आहे : कामाचा एक दशांश भाग वाटता येण्यासारखा नसेल, तर यंत्रे कितीही लावली तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परदेशी महासंगणकाची वाट न पाहता परम ८००० उभारला, तोही अनेक लहान प्रक्रियकांत काम वाटूनच.

कोणते काम जवळच्या यंत्रावर करावे आणि कोणते दूर पाठवावे, हा यापुढचा प्रश्न. मिरची परगावी पाठविण्याचा खर्च खुडण्याच्या मजुरीहून अधिक असेल, तर शहाणा व्यापारी ती पाठवीत नाही. आधारच्या नोंदणीत ही विभागणी विचारपूर्वक केलेली दिसते. ठसे घेणे आणि ते स्पष्ट उमटले की नाही हे तपासणे, ही कामे गावातल्या यंत्रावरच होत. त्यासाठी संपर्काची आवश्यकता नसे. नोंद सांकेतिक लिपीत बंद करून नंतर सवडीने प्राधिकरणाच्या केंद्राकडे पाठविली जाई. बंगळूर व हरियाणातील मानेसर येथे ही केंद्रे आहेत. तेथे ताडून पाहण्याचे काम आरंभीच्या वर्षांत तीन निरनिराळ्या प्रणालींत वाटलेले होते आणि जिचे काम सरस, तिच्या वाट्याला अधिक नोंदी येत. नोंद दोन दिवस उशिरा पोहोचली, तरी कोणाचे अडत नव्हते.

रास्तभाव दुकानातील ओळखीचे मात्र तसे नाही. तेथे एका माणसाचा ठसा त्याच्याच एका नोंदीशी ताडावयाचा असतो. गणना क्षणाची, परंतु ती दूरच्या यंत्रावर आणि त्याच क्षणी व्हावी लागते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर संपर्क तुटला, की बंगळूरची हजारो यंत्रे निरुपयोगी ठरतात. काटा एकच, तो हाच. शिवाय शेतात आणि ऊसतोडीवर राबून झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत, ती अडचण वेगळीच. पहिला क्रमांक ज्या जिल्ह्यात दिला गेला, तेथील मजुराने पोत्यासह रिकाम्या हाताने परतावे, ही गोष्ट नुसती तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये या संबंधात स्पष्ट सूचना दिल्या आहेत. ठसा जुळला नाही किंवा संपर्क मिळाला नाही, एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबास धान्य नाकारावयाचे नाही. अन्य पुराव्याने ओळख पटवून, वेगळ्या नोंदवहीत नोंद करून ते द्यावयाचे आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार रास्तभाव दुकानाच्या पातळीवरही दक्षता समिती असते. ती नोंदवही दुकानात ठेवलेली आहे काय आणि तिच्यात अखेरची नोंद कोणत्या तारखेची आहे, हे त्या समितीच्या सदस्यांना पुढच्या वाटपाच्या दिवशीच पाहता येईल.