सुटीचा विमानप्रवास : थेट की मध्ये बदलून?



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की हल्ली आमच्याकडे पारावर एक नवा विषय निघतो. पूर्वी "यंदा पंढरपूर की तुळजापूर?" असं विचारलं जाई. आता "विमानाने गेलात म्हणे, तिकीट कितीला पडलं?" असं विचारतात. शाळेतले गुरुजी, दूधसंस्थेतले सेक्रेटरी, चार पैसे हाती आलेला बागाईतदार, असे सगळेच आयुष्यात एकदा तरी घरच्या मंडळींना विमानाने फिरवून आणावं असं मनात धरतात. त्यात वावगं काहीच नाही. पण तिकीट काढायला बसलं, की मोबाईलवर दोन तऱ्हेची विमानं दिसू लागतात. एक थेट जाणारं आणि महाग. दुसरं स्वस्त, पण वाटेत कुठेतरी उतरून दुसरं विमान पकडायचं. त्याला कनेक्टिंग म्हणतात. यातलं कोणतं घ्यावं, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची पाच माणसं आसाम-मेघालय बघायला निघालो. मी, पत्नी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि माझी आई. आईची इच्छा एवढीच, की गुवाहाटीला कामाख्येचं दर्शन घडावं. मुंबईहून गुवाहाटीला थेट विमानाने सुमारे तीन तास लागतात. पण कोलकात्याला विमान बदललं, तर माणशी २,२०० रुपये वाचत होते. पाच माणसांचे ११,००० झाले! मला वाटलं, केवढा शहाणपणा केला! मी मुंबई-कोलकाता एका कंपनीचं आणि कोलकाता-गुवाहाटी दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली. मध्ये सव्वादोन तासांचा वेळ होता. तो मला भरपूर वाटला.

मुंबईचं विमान दीड तास उशिरा सुटलं. कोलकात्याला उतरून, पट्ट्यावरून सामान घेऊन, मुलांना ओढत दुसऱ्या कंपनीच्या खिडकीशी पोचलो, तर खिडकी केव्हाच बंद झालेली. देशातल्या विमानांची ही खिडकी साधारणपणे सुटण्याच्या वेळेआधी ६० मिनिटांनी बंद होते. विमान अजून डोळ्यांसमोर उभं होतं, पण आमच्यासाठी ते गेलं होतं. संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळची पाच तिकिटं त्या दिवसाच्या भावाने घ्यावी लागली. वाचवलेल्या पैशांच्या अडीचपट तिथेच गेले. रात्र खुर्च्यांवर काढली. मुलं चादर अंथरून खाली फरशीवर झोपली. आई बसूनच होती.

आता आपण म्हणाल, की कंपनीकडे भरपाई मागायची होती. मागितली ना! पण पहिली कंपनी म्हणाली, "आम्ही तुम्हांला कोलकात्याला आणून पोचवलं." दुसरी म्हणाली, "तुम्ही वेळेवर आला नाहीत." दोघींचंही कागदावर खरंच होतं. तिकिटातल्या कर-शुल्काची थोडी रक्कम तेवढी परत आली.

एक दिवस गेला आणि त्या दिवसाबरोबर कामाख्येचं दर्शन गेलं. कारण पुढची गाडी, शिलाँगची खोली, सगळं ठरलेलं होतं. परतीच्या दिवशी हाताशी तास-दीड तास होता, आणि वरची रांग त्याहून मोठी असल्याचं कळलं. नीलाचल टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबवली. आईने खालूनच हात जोडले. ती मला काही बोलली नाही. पण ११,००० रुपयांचा तो हिशेब माझ्या मनातून अजून जात नाही.

या फजितीतून मी काय शिकलो? बदलाचं विमान वाईट असतं, असं काही मी म्हणणार नाही. माझी चूक वेगळी होती. दोन विमानांमधला जो सांधा, तो मी स्वतःच्या जबाबदारीवर घेतला आणि मला ते कळलंच नाही. आपल्या एस.टी.त हे चालून जातं. कऱ्हाडला गाडी चुकली, तर अर्ध्या तासाने दुसरी येते; तिकीट काढायचं, उभं राहायचं. विमानात उभं राहायची सोय नाही, आणि आयत्या वेळचं तिकीट बहुधा महागच असतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मध्ये बदलायचंच असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. तिकिटावर पी.एन.आर. म्हणून अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक असतो. मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत तो एकच आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावं. एकच असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानाची व्यवस्था कंपनीने बघायची असते. सामानही बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर जातं. तरीही मुंबईला सामान देतानाच विचारावं, "बॅगा गुवाहाटीपर्यंत लावल्यात ना?" आणि बॅगेला बांधलेल्या पट्टीवर ते नाव वाचून घ्यावं. काही संकेतस्थळं दोन निराळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून एकाच ओळीत दाखवतात. दिसायला तो एक प्रवास, पण असतात ते दोन. तिथे सावध राहावं.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही आहेत. वेळेवर येऊन हजर झालेल्या प्रवाशाचं विमान फार रखडलं, तर चहा-फराळ कंपनीने द्यायचा. किती तासांनंतर, ते प्रवासाच्या लांबीप्रमाणे २ ते ४ तास असं ठरलेलं आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक मागता येतं. वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई आहे, आणि त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं तरी ती लागू होते. मात्र वादळ, धुकं अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने घोटाळा झाला, तर ही भरपाई नाही. आणि दोन तिकिटं वेगवेगळी असली, तर सांध्यापुरता यातला कोणताच नियम तुमच्या मदतीला येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एकाच तिकिटावरही मध्ये सव्वा तास, दीड तास अशी घाईची जोडणी दाखवतात. एकटा तरुण माणूस पळत जाऊन विमान गाठील. म्हातारं माणूस आणि लेकरं बरोबर असली, तर दोन तासांहून कमी वेळ घेऊ नये. अडीच-तीन तास असले तर बरं. दुसरं विमान त्या दिवसाचं शेवटचं नसावं, म्हणजे चुकलं तरी मागे आणखी एखादं असतं. आणि पहिलं विमान शक्यतो सकाळचं घ्यावं. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला खेपा घालत असतं. सकाळच्या खेपेला पाऊण तास उशीर झाला, की तो संध्याकाळपर्यंत साचत जातो. ऋतूही पाहावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे सकाळी दाट धुकं पडतं. तिथे त्या दिवसांत सकाळची जोडणी नको. जून ते सप्टेंबर मुंबईचा पाऊस आहेच.

तिसरी गोष्ट जागेची. एका शहरात दोन-दोन, तीन-तीन इमारती असतात. त्यांना टर्मिनल म्हणतात. मुंबईचं १ नंबरचं आणि २ नंबरचं टर्मिनल यांत काही किलोमीटरांचा रस्ता आहे. दिल्लीलाही १ नंबरचं टर्मिनल इतर दोन्हींपासून लांब आहे. शिवाय २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीला खुला झाला. तेव्हा तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून भागत नाही. कोणता विमानतळ, कोणतं टर्मिनल, तेही वाचावं लागतं. उतरायचं एकीकडे आणि चढायचं दुसरीकडे असलं, तर ती जोडणी कुटुंबाला घेऊन जाताना सोडून द्यावी.

आणि "थेट" या शब्दाचीही एक गंमत आहे. काही थेट विमानं वाटेत एका गावी थांबून पुढे जातात. आपण आपल्या जागेवरून उठायचं नसतं, एवढंच. मुळीच न थांबणाऱ्या विमानाला नॉनस्टॉप म्हणतात. तिकिटावर तो शब्द आहे का, ते पाहावं.

आता पैशांकडे येऊ. शिक्षक मित्रांनी हे गणित सातवीच्या वर्गात घालायला हरकत नाही. घरची माणसं पाच आणि वाटेत जादा जाणारे तास चार; म्हणजे पाच चोक वीस माणूस-तास. समजा, वाचले ११,०००. वाटेत विमानतळावरच्या खाण्यापिण्याचे १,५०० वजा करा, उरले ९,५००. त्याला विसाने भागलं, की एका माणूस-तासाला ४७५ रुपये पडले. हा सौदा वाईट नाही. पण माणशी फरक ६०० रुपयांचाच असेल, तर वाचले ३,०००; खाणं वजा जाता १,५००; तासाला ७५ रुपये. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला चार तास खुर्चीवर बसवावं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

या गणितात दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे, पोचल्यावर दिवस किती उरतो. साऱ्या देशाचं घड्याळ एक असलं, तरी सूर्य गुवाहाटीला मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी येतो. नोव्हेंबरात तिथे साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो. मुंबईच्या हिशेबाने "चार वाजता पोचू, थोडं फिरू" असं म्हणणारा तिथे उतरतो तो अंधारातच. शिलाँगचा घाटरस्ता शंभराहून अधिक किलोमीटरांचा. लेकरं घेऊन तो रात्री कशाला करायचा? दुसरी गोष्ट लहान मुलांच्या कानांची. विमान खाली उतरताना कानाचे दडे बसतात आणि मुलं कळवळून रडतात. त्या वेळी तान्ह्याला पाजावं, मोठ्याला गोळी चघळायला द्यावी, म्हणजे गिळण्याने कान मोकळे होतात. मध्ये बदललं, की हे दोनदा. सर्दी झालेल्या मुलाला तर ते फारच जड जातं.

आणखी एक. हिशेब मुंबईच्या विमानतळापासून धरू नये, आपल्या उंबरठ्यापासून धरावा. कोल्हापूर, नाशिक, नांदेड अशा ठिकाणांहूनही आता विमानं सुटतात. कोल्हापूरच्या माणसाने थेट विमानाच्या हट्टापायी रात्रभर गाडी करून मुंबई गाठायची, की घराजवळ बसून हैदराबादला विमान बदलायचं? एकाच तिकिटावर, पुरेसा वेळ ठेवून हैदराबादमार्गे गेलं, तर कदाचित तेच सोयीचं पडेल. मोटारीचं भाडं, टोल, रात्रीचं जागरण, सगळं धरून पाहावं.

मग नियम काय करावा? मी माझ्यापुरता असा केला आहे. ज्या दिवशी चुकून चालणार नाही, त्या दिवशी थेट. पोचल्याबरोबर दर्शन असो, लग्न असो, ठरलेली सफर असो. तिथे थेट जावं. परतताना शाळा उघडायच्या आधी किंवा शेजाऱ्याने गुरं सांभाळायची कबूल केलेली मुदत संपायच्या आधी एक मोकळा दिवस हाती असेल, तर येताना बदलाचं स्वस्त विमान खुशाल घ्यावं. दोन वेगळी तिकिटं घेणं भागच पडलं, तर मधल्या गावी एक रात्र मुक्काम करावा. ते गावही बघून होतं. चालायला त्रास होणाऱ्या माणसासाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी, आणि बदल असेल तर तीनही विमानतळांवर मिळेल ना, हे विचारून घ्यावं.

पुढच्या दिवाळीत आम्ही पुन्हा गुवाहाटीला जायचं ठरवलं आहे. या वेळी मुलं नाहीत, शिलाँग नाही. फक्त आई आणि मी. जाताना थेट विमान, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच कामाख्येच्या रांगेत उभं राहायचं. तिकीट दाखवल्यावर आईने विचारलं, "हे महागाचं आहे का रे?" मी म्हटलं, "नाही आई, मागच्यापेक्षा स्वस्तच पडलं."

नमस्कार.