दूरदेशीचे सहकारी : भीमजी पारेखांचा छापखाना



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी छापलेल्या पुस्तकांची थोरवी गायली जाणे स्वाभाविकच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र छापली न गेलेली पुस्तके हा आहे. सुरतेच्या एका व्यापाऱ्याला आपल्या देशातील प्राचीन ग्रंथ छापावयाचे होते. त्याच्यापाशी पैसा होता, चिकाटी होती आणि लंडनमध्ये त्याच्या शब्दाला वजन होते. असे असूनही त्याच्या छापखान्याचे एकही पुस्तक आज उपलब्ध नाही. हे का घडले, याचा विचार आजही उपयोगी आहे. कारण पुण्यातला अभियंता, जर्मनीतला ग्राहक आणि अमेरिकेतला व्यवस्थापक आज एकमेकांचे तोंडही प्रत्यक्ष न पाहता वर्षानुवर्षे एकच काम करीत असतात. साधने नवी आहेत, अडचण जुनीच आहे.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील प्रमुख बंदर होते. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी या शहरावर स्वाऱ्या केल्या, त्या तेथील अमाप संपत्तीमुळेच. येथील इंग्रज वखारीचे दलाल होते भीमजी पारेख. ‘दलाल’ या शब्दाला आज हलकी छटा आली आहे. त्या काळी मात्र भाव ठरविणे, मालाची हमी देणे, पैसा उभा करणे आणि परक्या व्यापाऱ्याला या भूमीची रीत समजावून देणे ही सारी जबाबदारी दलालावर असे. भीमजींचे स्थान आपल्या समाजातही मोठे होते. १६६९ साली काजीच्या जाचाला कंटाळून हजारो वाणी-व्यापारी सुरत सोडून भडोचला निघून गेले आणि बाजार ओस पडला, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांत भीमजी होते.

त्यानंतर थोड्याच काळात सुरतेच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लंडनला पाठविलेल्या एका पत्रात भीमजींची विनंती आढळते. त्या पत्रावर ९ जानेवारी १६७० ही तारीख आहे. प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापण्याची भीमजींना उत्कंठा असून त्यासाठी एक कुशल मुद्रक मुंबईस पाठवावा. त्याला सालिना ५० पौंड याप्रमाणे तीन वर्षे वेतन देण्यास आणि हत्यारांचा खर्च सोसण्यास भीमजी तयार आहेत, असा तिचा आशय. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुद्रणेतिहासात या पत्रव्यवहाराची हकीकत दिली आहे.

हे काम कोणत्या अंतरावरून चालले होते, ते ध्यानी घ्यावयास हवे. मालक सुरतेस, छापखाना मुंबईस, माणूस निवडणारे लंडनमध्ये. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, त्यात सहा ते आठ महिने जात. परतीचा प्रवास वाऱ्याच्या हंगामाशी बांधलेला असे; म्हणून सुरतेची कित्येक पत्रे जानेवारीतली दिसतात. एका प्रश्नाचे उत्तर मिळावयास दीड-दोन वर्षे सहज लागत.

१६७४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने कळविले, की हेन्री हिल्स नावाचा मुद्रक ५० पौंड वेतनावर नेमला असून त्याच्यासोबत छापयंत्र, खिळे आणि कागद पाठविला आहे, आणि हा सर्व खर्च भीमजींनी भरून द्यावयाचा आहे. वरवर पाहता मागितले ते सारे मिळाले. पण हिल्स हा मुद्रक होता. अक्षरे कोरणारा वा ओतणारा कारागीर नव्हता. लंडनमध्ये हे दोन वेगळे व्यवसाय होते. तेथील मुद्रक तयार खिळे विकत आणी आणि जुळवून छापी. नागरी किंवा बनिया अक्षरांचे खिळे तेथे कोणापाशी मिळणार? इंग्रजीचा संसार थोड्या अक्षरांवर भागतो. आपल्या लिपीला मात्र काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून काही शे खिळे लागतात. सुरतेच्या दृष्टीने ‘कुशल मुद्रक’ म्हणजे पुस्तक सिद्ध करून देणारा माणूस. लंडनच्या दृष्टीने तो यंत्र चालविणारा. शब्द एकच, परंतु त्यामागे दोन भिन्न व्यवसायपरंपरा उभ्या होत्या. तो शब्द तीन गावांतून फिरला आणि प्रत्येक ठिकाणी ओळखीचाच वाटला. म्हणून कोणीच त्याचा अर्थ विचारला नाही.

भीमजी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपल्या माणसांकडून अक्षरे तयार करविली. १६७६ च्या जानेवारीत सुरतेहून लंडनला कळविण्यात आले, की बनिया अक्षरांत छापलेले काही कागद पाहिले, ते चांगले आणि सुवाच्य आहेत. पण अनुभवाच्या अभावी खर्च आणि विलंब फार होतो, तरी भीमजींच्या खर्चाने खिळे ओतणारा माणूस पाठवावा. मूळ विनंतीत हवी होती ती नेमकी मागणी सहा वर्षांनी लेखणीतून उतरली. कामाचे नाव सांगितले गेले होते, कामाच्या शेवटी काय हाती यावयास हवे ते सांगितले गेले नव्हते. हव्या त्या अक्षरांचा एक हस्तलिखित कागद पहिल्याच पत्रासोबत गेला असता, तर या अक्षरांचे खिळे कोण पाडणार, हा प्रश्न लंडनमध्येच उभा राहिला असता.

दुसरा पेच हेतूचा होता. भीमजींना आपले प्राचीन ग्रंथ छापावयाचे होते. इकडे कंपनीच्या संचालकांनी आपल्या एका पत्रात अशी आशा व्यक्त केली, की या छपाईमुळे आपल्या धर्माचा प्रसार होईल आणि संपत्तीबरोबर आत्मेही मिळतील. एकाच यंत्राकडे दोन्ही पक्ष दोन वेगळ्या मनोरथांनी पाहत होते. भिन्न हेतूंची माणसे एकत्र काम करू शकत नाहीत, असे नव्हे. व्यापार तर त्यावरच चालतो. मात्र हेतू परस्परांना ठाऊक असावे लागतात. एरवी कोणत्या अडचणीवर कोण किती नेट लावील, याचा अंदाज करता येत नाही. आणि खर्च? तो दर खेपेस सुरतेच्या माथी आला. दूरच्या सहकार्यात गैरसमजाची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते, ज्याचा आवाज निर्णयाच्या जागेपर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो.

पश्चिम भारतात देशी भाषेच्या छपाईला पुढे दीर्घकाळ वाट पाहावी लागली. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते, पण रोमन लिपीत. मुंबईत १८१२ साली गुजराती छापखाना काढणारे फर्दुनजी मर्झबान हे मूळचे सुरतेचेच. त्यांनी अक्षरे स्वतः घडविली आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू केले. लिपी जाणणारा आणि धातू जाणणारा एकाच देहात आला, तेव्हा पत्रव्यवहाराची गरजच उरली नाही.

परंतु सर्व कामे अशी एकाच ठिकाणी आणता येत नाहीत. आजच्या सुरतेचा हिरेउद्योग त्याची साक्ष देतो. कच्चा हिरा परदेशातून येतो, पैलू सुरतेत पडतात, गिऱ्हाईक तिसऱ्याच देशात असते. आणि एकदा कापलेला हिरा पुन्हा जोडता येत नाही. तेथे ‘पांढरा’ किंवा ‘चांगला’ या शब्दांवर विसंबत नाहीत. रंगाची प्रत ठरलेल्या श्रेणीने सांगितली जाते, आणि रंग ताडून पाहण्यासाठी नमुन्याचे खडे शेजारी ठेवले जातात. शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष वस्तूला बांधून टाकला, की भाषा कोणतीही असो.

आपल्या लिपीच्या बाबतीत हाच धडा संगणकयुगात पुन्हा गिरवावा लागला. जगातील लिप्यांसाठी सिद्ध झालेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली; तिच्यातील देवनागरीचा भाग १९८८ च्या भारतीय मानकावर आधारलेला होता. त्यात हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता, मराठीचा ‘ॲ’ नव्हता. तो २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, हा भेद मराठी वाचकाला डोळ्यांनीच कळतो. दूरदेशीच्या तंत्रज्ञाला तो नमुना दाखवूनच सांगावा लागतो. भीमजींच्या काळाशी तुलना करता फरक इतकाच, की या वेळी उणीव नोंदविण्याची आणि ती दूर करण्याची वाट सर्वांना ठाऊक होती.

आता पत्राला आठ महिने लागत नाहीत, क्षणही लागत नाही. पण होकार लवकर मिळतो म्हणून तो समजून दिलेला असतो, असे मानण्याचे कारण नाही. दूरच्या सहकाऱ्याने ‘कळले’ म्हटल्यावर त्याला आदरपूर्वक विचारावे : शेवटी काय तयार होईल, ते जरा रेखाटून दाखविता का? या एका प्रश्नासाठी सुरतेला सहा वर्षे थांबावे लागले. या ग्रंथालयाच्या कपाटांतील देवनागरी पुस्तके चाळताना त्यांच्या आधीचे ते सुवाच्य कागदही आठवावेत. ते छापणाऱ्या कारागिरांची नावे त्या पत्रात नाहीत.