ऐकीव आणि लेखी

निवृत्तीनंतर काय करतोस, असे सकाळपासून अनेकांनी विचारले. एकदाच सांगून टाकतो. आम्ही आठ जण लोकांच्या वंशावळी तपासतो, तेही फुकट!

कुलवृत्तांत छापण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण त्यातला बराच मजकूर वडीलधाऱ्यांनी सांगितला म्हणून आलेला असतो. आम्ही प्रत्येक नावापाशी थांबून विचारतो, "हे कशावरून?"

काम वाटून घेतले आहे. दोघांना मोडी वाचता येते. एक जण तहसील कचेरीतून जुन्या फेरफारांच्या आणि कोतवाल बुकाच्या नकला काढतो. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण त्र्यंबकेश्वरला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नामावळी उतरवून आणते. एकाने आणलेली नोंद दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायची, हा नियम. शक असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. हा हिशेबही दोघांनी वेगवेगळा करायचा.

कागदसुद्धा चुकतो, हे आपल्या वर्गाला सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळेत नाव घालताना सोयीची तारीख लिहिली गेली. त्यामुळे शाळेचे रजिस्टर नावासाठी मोलाचे, जन्मतारखेसाठी मात्र ते एकटे पुरत नाही.

एका मित्राच्या आईंचे उदाहरण सांगतो. वय नव्वदीच्या पुढे. छापील कुलवृत्तांतात त्यांच्या वडिलांना दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे त्या स्वतः. त्या सांगत, "माझी थोरली बहीण यात नाही." घरचे म्हणत, आईचे आता वय झाले. तीर्थोपाध्यायांच्या वहीत काही मिळाले नाही. तिथे मुलींची नावे क्वचितच असतात. कोतवाल बुकात वडिलांच्या नावासमोर, आईंच्या जन्माच्या तीन वर्षे आधीची एक नोंद सापडली. तिथे नाव नव्हते, फक्त 'मुलगी' असे लिहिले होते. मग गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. त्यात तिचे नाव होते, वडिलांचे पूर्ण नाव होते आणि शाळा सोडण्याचे कारण 'मयत'. त्याच महिन्यात कोतवाल बुकात तिचा मृत्यू नोंदलेला होता, कारण 'देवी'. तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या.

नकला आईंच्या हातात दिल्या. त्यांनी नावावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आता लिहा."

त्याच घराण्यात पेशव्यांनी सनद दिल्याची गोष्ट सांगतात. सनद कुठेच मिळाली नाही. ते वाक्य आम्ही खोडले नाही, त्यापुढे 'ऐकीव' एवढेच लिहिले. मित्राचे काका त्यावरून आमच्याशी अजून बोलत नाहीत. पण आईंच्या बहिणीला पुरावा मागायचा आणि सनदेला मागायचा नाही, हे आम्हाला पटले नाही.

तुम्हा सर्वांना एक विनंती. ट्रंकेतले जुने कागद रद्दीत घालू नका. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि कोणी, केव्हा सांगितले तेही टिपून ठेवा. मुलींची आणि सुनांची माहेरची नावे आधी विचारा. तीच पहिल्यांदा हरवतात.

वही नीट ठेवायला आपल्याला याच शाळेने शिकवले.